खाणीवरचा उतारा

कोमलला इंग्रजी येत नाही असं नव्हतं. मग त्या एकाच उताऱ्याची पाचही उत्तरं चुकली कशी, हे विनोदिनीच्या डोक्यातून जाईना. विद्यापीठाची प्रवेश परीक्षा आठवड्यावर आली होती. साखळी गावातल्या क्लासचा सरावाचा पेपर घेऊन ती लेकीशेजारी बसली. ती स्वतः बी.ए. झालेली, तिने दोनदा उतारा वाचला. कुठल्यातरी परदेशी गावातली खाण बंद पडते, नदी निवळते, शेतं पुन्हा पिकतात. प्रश्न होता, खाण बंद झाल्यावर गावाला काय वाटलं? कोमलने ‘हताश’वर खूण केली होती.

“नदी निवळली, शेत पिकलं, दिसलं नाही तुला?”

“दिसलं.”

“मग हताश कोण गो? नदी?”

कोमल हसली नाही. “त्या गावात ट्रकवाले नव्हते काय? त्यांच्यावर एक वाक्य नाही.”

“नसेना का. लिहिलंय त्यातूनच उत्तर द्यायचं. तुझं मत कोण विचारतंय?”

“आई, तुला माहीत नाही.”

कोमलच्या बापाचा, गोकुळदासचा ट्रक खाणीवरून आमोण्याच्या नदीधक्क्यावर खनिजाची माती न्यायचा. खाणी बंद झाल्या आणि ट्रक दोन वर्षं घरामागच्या फणसाखाली उभा राहिला. बॅटरी चोरतील म्हणून गोकुळदास रात्री ट्रकातच झोपायचा. ‘सवतीकडे निघाले,’ म्हणून विनोदिनी त्याला चिडवायची.

“राखण नव्हती ती,” कोमल म्हणाली. “एकदा सकाळी मी चहा घेऊन गेले, तर बाबा स्टिअरिंगवर डोकं टेकून रडत होते. आईला सांगू नको म्हणाले. मग रोज मीच चहा न्यायला लागले.”

तेव्हा दहा वर्षांची पोर वाटीतला पाव सांभाळत, चहा न सांडता फणसाखाली जाते, हे कौतुक विनोदिनीने माहेरीसुद्धा सांगितलं होतं. घर आणि ट्रक यांच्यात वीस पावलं नव्हती. तिला कधी काही ऐकू आलं नव्हतं.

“आणि मी लिहू, गावाने सुटकेचा निःश्वास टाकला म्हणून?”

“परीक्षेत असंच काही आलं तर?”

“तरी ‘हताश’च लिहीन.”

उतारा कसा वाचायचा हे विनोदिनी रात्रभर समजावू शकली असती. पण पोरीने कोणाची बाजू धरून ठेवली होती, ते आता तिला कळलं होतं. ती बाजू सोड म्हणायला तिचा बापच हवा होता.

गोकुळदास आता पेडण्याच्या विमानतळावर कामगारांची बस चालवायचा. तो ड्यूटीवर असताना विनोदिनी कधी फोन करत नसे. घरून फोन आला की त्याला धस्स व्हायचं. पण एव्हाना बस रिकामी होऊन उभी असणार, तो चहा घेत असणार. आज ट्रकाची, सवतीची थट्टा करायची नाही, एवढं मनाशी ठरवून तिने फोन उचलला.