मालकीणबाईंनी पीठ मळलं त्या दिवशी

नव्या सार्वजनिक सुट्टीची बातमी आली तेव्हा बेकरीच्या मालकीणबाईंनी सरळ हात झटकले. "भट्टीला सुट्टी कळत नाही," त्या म्हणाल्या. खोटं नव्हतं ते. विटांची भट्टी एकदा थंड झाली की पुन्हा नीट तापायला दोन दिवस खाते, म्हणून सासऱ्यांच्या काळापासून ती कधी विझू दिलेली नव्हती. शेजारचा शिंपी तर वरचढ निघाला! त्यानं कारागिरांना सुट्टी दिली आणि बदल्यात रविवारी कामावर बोलावलं.

मग भट्टीवर पाव भाजणारा मिस्त्री समोर येऊन उभा राहिला. ताकाला जाऊन भांडं लपवणं त्याच्या स्वभावात नाही.

"बाई, माझी बायको गिरणीत. तिला सुट्टी रविवारी, मला मंगळवारी. लग्न झाल्यापासून अख्खा दिवस एकत्र काढलेला नाही आम्ही. ही सुट्टी दोघांनाही आहे. तुम्ही नाही म्हणालात तर येईन मी. पण तिला काय तोंड दाखवू?"

मालकीणबाई आधी त्याच्यावर चिडल्या, मग स्वतःवर. त्या गल्ल्यावर बसून नवऱ्याशी रोज निवांत भांडत होत्या, आणि या दोघांना भांडायलाही सवड नव्हती.

"सगळ्यांना सुट्टी. भरपगारी," त्यांनी जाहीर केलं. "भट्टी मी बघते."

"तू?" नवऱ्यानं विचारलं.

"आणि तू!"

त्या दिवशी पहाटे दोघांनी बाह्या सरसावल्या. पीठ मळून बाईंना वर्षं लोटली होती. नवऱ्यानं लाकडं सारता सारता भुवया होरपळून घेतल्या. पहिला घाणा जळून कोळसा झाला. दुसरा मात्र असा टम्म फुगून, बदामी होऊन बाहेर आला की बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. इतका आनंद त्यांना गल्ला भरल्यावरही झाला नव्हता.

दुकान उघडलं तेव्हा रांगेत चक्क मिस्त्री उभा होता, ठेवणीतले कपडे घालून, शेजारी बायको. त्यानं पैसे मोजले, पाव मोडला, घास चावला. सगळी रांग त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"बाई, मीठ राहिलं," तो म्हणाला, आणि सवयीनं आत शिरायला निघाला.

"खबरदार!" मालकीणबाई दारात आडव्या झाल्या. "मीठ उद्या घाल. आज तू गिऱ्हाईक आहेस, आणि पुढच्या वर्षीही या दिवशी गिऱ्हाईकच असशील!"

रांगेत हशा पिकला. मिस्त्रीच्या बायकोनं पावाचा उरलेला तुकडा तोंडात टाकला, नवऱ्याचा दंड धरला आणि त्याला भर उन्हात रस्त्यानं ओढत घेऊन गेली.