पाहुणे येतात त्या दिवशी वास नसतो

"त्या गोधड्या काढायला सांग आधी. फोटोत किती घाण दिसतंय."

कंपनीच्या मॅडम हे मला म्हणाल्या. गोधड्या माझ्या आईच्या, आई समोरच उभी, पण तिच्याशी कशाला बोलतील? मी अकरावीत होते. अंगात त्यांनी वाटलेला हिरवा टीशर्ट होता, म्हणून बोलण्याच्या लायकीची ठरले होते.

आमची वस्ती खोपोलीत, कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून. पुढच्या बाजूला त्यांची बाग आहे, कारंजं आहे. मागे धुराडं आणि आम्ही. वास सुटला की डोळे चुरचुरतात. माझी धाकटी बहीण खोकून खोकून अर्धी होते. कपडे बाहेर वाळवले तर तोच वास अंगावर घेऊन शाळेत जावं लागतं, आणि पोरी बाक सोडून लांब बसतात. म्हणून आमच्याकडे धुणं घरातच वाळतं.

फक्त कंपनीत पाहुणे येणार असले की वास नसतो. गेटपाशी रस्त्याच्या कडेला चुन्याची फक्की पडली की बाया एकमेकींना हाका मारतात, "आज पाव्हणं हायेत गं, गोधड्या काढा." मग सगळी वस्ती धुवायला बसते. मी जन्मापासून हे बघत आले. असं का, हे कुणी विचारत नव्हतं. ऊन मिळालं, यातच खूश.

त्या दिवशी मुंबईचे साहेब झाडं लावायला आले होते. भर मे महिन्यात. एवढी अक्कल. वास नव्हता तरी नाकाला रुमाल होता. आमच्याकडे बघायची त्यांची तीच रीत असावी. माईकवर म्हणाले, "तुम्ही तरुणांनी आपल्या आईवडिलांना स्वच्छता शिकवली पाहिजे." मॅडमनी टाळ्या वाजवल्या. नंतर मी पोरांकडून शपथ वदवून घ्यायची होती, 'आम्ही आमचा परिसर घाण करणार नाही.' चार वेळा पाठ करून घेतली होती माझ्याकडून.

आईने दोरीवरून गोधडी काढली. ओली गोधडी कवटाळून ती कोपऱ्यात उभी राहिली. पाणी तिच्या लुगड्यावरून पायावर गळत होतं आणि ती ओशाळून हसत होती, जणू चूक तिचीच. ते हसू मला सहन झालं नाही. अजून होत नाही.

माईक माझ्या हातात आला. समोर पोरांच्या रांगेत माझी बहीण. सकाळपासून एकदाही खोकली नव्हती. मी मागे वळून धुराड्याकडे बघितलं आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. वास बंद करता येतो. यांना येतो. हवं तेव्हा येतो.

मी म्हणाले, "साहेब, आज वास नाय. तुमी येणार म्हणून बंद ठेवला ना? मग आमच्यासाठी का नाय ठेवत?"

मॅडमनी माईक हिसकावला. साहेब मात्र हसले. कुत्र्याच्या पिल्लाने बोट चावलं की हसतात तसे. "मुलगी हुशार आहे. हिला आपण स्कॉलरशिप देऊ."

मी कुडत्यावर चढवलेला तो टीशर्ट काढला, त्यांच्यासमोरच्या टेबलावर ठेवला. "नको," म्हणाले. आईकडे गेले, गोधडी घेतली आणि परत दोरीवर टाकली. आई घाबरली. "अगं, आपल्याला हितंच रहायचं हाय," म्हणाली.

"म्हणून तर," मी म्हणाले.

गाड्या गेल्या आणि तासाभरात वास सुटला. तेवढाही धीर नाही मेल्यांना.

आता वास सुटला की आम्ही वस्तीतली पोरंपोरी दार लावून बसत नाही. बहिणीला घेऊन मी गेटवर जाते. तिथेच, त्यांच्या गाड्यांच्या वाटेत बसतो आम्ही. वॉचमन शिव्या देतो, पोलीस येतात, नावं विचारतात. आम्ही नावं सांगतो. मॅडम अधूनमधून येऊन म्हणतात, "अर्ज द्या, चर्चा करू, समजावून सांगा." यांना काय समजवायचं? यांना सगळं समजतं, म्हणून तर साहेबाच्या नाकासाठी धूर थांबतो. मी यांना काही समजावणार नाही, हात जोडणार नाही. माझी बहीण इथेच श्वास घेणार आहे, आणि तो धूर मी यांच्याच हातांनी बंद करून घेणार आहे.