गिरणीच्या पट्ट्यावर जुळलेला बँड

पिठाच्या गिरणीत बोलायचं तर ओरडावंच लागतं. त्यामुळे गिरणीवाला घरी मीठसुद्धा ओरडूनच मागायचा. गडी तसा सरळ, खोड एकच. दळण सुरू झालं की रिकामे डबे बडवायचा. केसांत पीठ, मिशीवर पीठ आणि तोंडावर भाव असा, की समोर हजार माणसं माना डोलावताहेत!

त्याचा मेव्हणा न्हावी. गिऱ्हाईक नसलं की हा बाबा गिटार काढायचा. त्याचा दोस्त पंक्चरवाला. तो जाड तारांची घुमणारी गिटार वाजवून शेजाऱ्यांची भांडी पाडायचा. दोघांना हार्ड रॉकचं वेड, पण ड्रम वाजवणारा काही मिळेना. एकदा मेव्हणा दळण घेऊन आला, डब्यांवरचा ताल ऐकला आणि दळण विसरून उभाच राहिला.

"दाजी, रविवारी दुकानावर या. खरे ड्रम मागून आणतो."

आठवडाभर गिरणीवाल्याचे पाय जमिनीला लागेनात. रविवारी तर पठ्ठ्याने दोनदा अंघोळ केली. पण ड्रमपुढे बसला आणि सगळा बट्ट्याबोळ! हात मध्येच धावतोय, मध्येच लंगडतोय.

पंक्चरवाला हळूच म्हणाला, "दाजींचीच हवा गेली की रे!"

त्या दिवशी घरी त्याने मीठ हळू आवाजात मागितलं. बायकोने पोळी तव्यावरच सोडली. काय घडलं ते तिने खोदून खोदून विचारून घेतलं.

"अहो, पण तिथं पट्टा कुठं होता?"

"कसला पट्टा?"

"गिरणीचा! त्याचा सांधा दर फेऱ्याला फट्ट वाजतो, त्यावर तर तुमचे हात चालतात. इतकी वर्षं माझं डोकं उठवलंय त्यानं, मला नाही कळणार?"

मग काय, ड्रमच गिरणीत आले. पट्टा फटफटायला लागला आणि गिरणीवाल्याने असं काही वाजवलं, की पंक्चरवाल्याने कोपरापासून हात जोडले. झाला बँड! आता ऐकणार कोण, एवढाच प्रश्न. बाहेर सगळी घरघरच जायची.

रांगेतल्या एक आजी म्हणाल्या, "मशीन फार कण्हतंय रे, तेल घाल."

पुढे एक दिवस बायको गिरणीत डबे लावत असताना पट्टे विकणारा आला. "वहिनी, बिनसांध्याचा माल आलाय. आवाज म्हणून नाही!"

गिरणीवाल्याचा चेहरा पिठाहून पांढरा पडला. बायकोने नवा पट्टा हातात घेतला, ताणून पाहिला आणि परत दिला.

"जुना दणकट आहे अजून," ती म्हणाली आणि नवऱ्याकडे न बघताच पुढचा डबा उचलला. "करा हो सुरू. माणसं खोळंबलीत."