मगदूम डॉक्टरांचा राग

मगदूम डॉक्टर लग्नाला गेले तरी लोकांचे हात बघायचे. कुणी हात मिळवला की त्याचा पंजा लवकर सोडायचे नाहीत. अंगठा आणि तर्जनीच्या मधला मांसल भाग हळूच चाचपायचे. तिथं खळगा लागला की त्यांचं लग्नातलं लक्ष उडालंच. एकदा पंगतीतून उठून त्यांनी वाढप्याला दवाखान्यात यायचं फर्मान सोडलं होतं. त्याचा हात नुसता कामानं वाळलेला निघाला. त्या दिवशी डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना बासुंदी खिलवली.

बोलण्या-गिळण्याचे व्यायाम शिकवायला मी कोल्हापुरात त्यांच्या दवाखान्यात होते. ते मेंदूचे डॉक्टर, त्यामुळे डोकेदुखी, फिट, अर्धांगवायू असं सगळंच यायचं. पण त्यांचा जीव अडकला होता तो मोटर न्यूरॉनच्या आजारात. यात स्नायूंना हलवणाऱ्या पेशी मरत जातात आणि स्नायू वाळून खळगे पडतात. आधी हात किंवा पाय किंवा जीभ, आणि शेवटी श्वास. बहुतेकांचं डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत असतं. "मालक घरात टक्क जागा हाय आणि बाहेरनं एकेक दार बंद व्हायलंय," असं ते सांगायचे आणि टेबलावर हात आपटायचे.

माणूस भयंकर रागीट. रुग्णावर कधी आवाज चढवला नाही, पण बाकी कुणाची सुटका नव्हती. मणक्याचं नको ते ऑपरेशन करून मग पेशंट पाठवणाऱ्यांवर राग, 'बघू पुढच्या वर्षी' म्हणणाऱ्यांवर राग, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या विद्येवर. "पणजोबाच्या काळापासनं नाव ठावं हाय ह्या रोगाचं, आणि आमी अजून हात चोळत बसलोय!"

दत्तोबा आले ते डॉक्टर असेच चिडलेले असताना. गारगोटीकडचे. गुळाच्या सौद्यात बोली पुकारणारे म्हणून त्यांचा आवाज प्रसिद्ध. आता तीच जीभ जड झाली होती. शब्द एकमेकांत मिसळत होते. बाजारात कुजबूज सुरू झाली होती, की दत्तोबा सकाळीच लावून येतोय. घरात त्यांच्या बायकोनं, तानूबाईंनीही, त्यांचं तोंड हुंगून पाहिलं होतं.

डॉक्टरांनी जीभ दाखवायला सांगितली. तिच्यावर बारीक थरथर चालली होती, कातडीखाली अळ्या वळवळाव्यात तशी. पुढच्या सगळ्या तपासण्या झाल्यावर त्यांनी दोघांना समोर बसवलं. "दत्तोबा, ह्यात दारूचा काय संबंध न्हाय. रोग हाय, आणि वाईट हाय. बरं करायचं औषध माझ्याकडं न्हाय. हाय ती गोळी नुसती थोडं लांबवती."

 दत्तोबा बायकोकडे वळून अडखळत म्हणाले, "ऐकलंस न्हवं? पिलेला न्हाई म्हनत्यात."

तानूबाईंनी पदर तोंडाला लावला. डॉक्टर खुर्ची सारून बाहेर निघून गेले.

त्या सुमारास एका नव्या औषधाची चाचणी मोठ्या शहरांत सुरू होणार होती. दत्तोबा तिच्या अटींत बसत होते, पण वरचेवर तिकडं जाणं त्यांच्या आवाक्यात नव्हतं. मग डॉक्टरांनी हट्टच धरला, की चाचणीचं केंद्र कोल्हापुरात आणायचं. परवानग्या, समित्या, तपासणीला येणारी माणसं. "रोग मोटारसायकलवर आणि आमचे कागद बैलगाडीत!" ते फोनवर ओरडायचे. इकडे मी दत्तोबांना हनुवटी खाली घेऊन गिळायला शिकवत होते. आधी भाकरी सुटली, मग भात, मग घट्ट आंबील तेवढी राहिली.

परवानगी आली, पण दत्तोबांचा श्वास तोवर उतरला होता. नळीत फुंकून दम मोजायचा असतो. ठरलेल्या मर्यादेच्या खाली दम गेला, तर चाचणीत घेत नाहीत. "आणि एकदा, दत्तोबा. लावा जोर," डॉक्टर म्हणत होते आणि त्यांचीच मूठ आवळत होती. दत्तोबांनी डोळ्यांत पाणी येईस्तोवर फुंकलं. आकडा वर सरकला नाही.

डॉक्टर कंपनीच्या माणसाशी फोनवर भांडले. नियम बदलला नाही. नियम बरोबर आहे हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्याचाच त्यांना जास्त संताप येत होता.

थंडीत दत्तोबा गेले. आम्ही भेटायला गेलो तेव्हा तानूबाई म्हणाल्या, "ते औषध मिळालं असतं तर आज हे जित्तं असतं."

चाचणी आमच्याकडेही झाली. आमचे काही रुग्ण तिच्यात होते. शेवटी निकाल आला. औषध घेतलेले आणि औषधाच्या नावानं नुसतं पाणी टोचून घेतलेले, दोघांत काही फरक नव्हता. त्या दिवशी डॉक्टर ओरडले नाहीत. ते मला फार जड गेलं.

रविवारी म्हणाले, "चला, गारगोटीला जाऊन येऊ."

"फोन करा की, सर."

"असलं फोनवर सांगत न्हाईत."

तानूबाईंनी चहा ठेवला. डॉक्टरांनी काही न लपवता सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या.

"म्हंजे, औषध मिळालं असतं तरी हे गेलंच असतं?"

"व्हय."

"मग बरं झालं म्हणू का वाईट?"

 डॉक्टर म्हणाले, "मलाबी कळंना, वहिनी."

तानूबाई कपबशा उचलून आत गेल्या. भांडी आपटल्याचा आवाज आला. मग चौकटीत येऊन उभ्या राहिल्या आणि खेकसल्याच, "मग बसलाईसा काय असं? दुसरं बघा की!"

परतताना डॉक्टर रस्त्यातल्या खड्ड्यांना, कंपनीला आणि स्वतःला शिव्या देत गाडी चालवत होते. "दुसरं बघा म्हणती. मंडईत मिळतंय व्हय दुसरं!" बराच वेळ तेच घोळवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्याच्या पायऱ्या चढत होते तेव्हाच त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. दुसऱ्या एका औषधाच्या लोकांना त्यांनी फोन लावला होता. "गेल्या टायमाला परवानगी येईस्तोवर माझ्या माणसाचा दम उतरला हुता. ह्या खेपेला न्हाय थांबायचो. आजच सांगा, कोल्हापूरला कधी येताय?"