फक्कीच्या रेघेपुढचा रस्ता

आणे पठारावरचा तो सरळ रस्ता माझ्या मनातून अजून गेलेला नाही. सेवेत असताना मी पुष्कळ लिहिले, परंतु ते सारे पंचनामे, जबाब आणि अहवाल. स्वतःहून लिहायला बसण्याची सवय नाही. तेव्हा घडले त्या क्रमानेच सांगतो. नावे कोणाचीच घेणार नाही.

त्या वेळी मी जुन्नर तालुक्यातील एका पोलीस ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. हिवाळ्यातील एका बुधवारी सकाळी हजेरी आटोपून मी टपाल पाहत होतो, तेवढ्यात पठारावरून फोन आला. एका मोटारीने मेंढ्यांच्या कळपाला आणि एका बाईला धडक दिली होती आणि मोटार निघून गेली होती. आम्ही पोचेपर्यंत बाईला जीपमधून नारायणगावला हलवले होते. रस्त्यावर मोटारीच्या दिव्याच्या काचेचा एक तुकडा आणि मरून पडलेल्या दोन मेंढ्या होत्या. त्यांच्याजवळ बाईचा नवरा, पंचावन्नच्या आसपासचा मेंढपाळ, काठी आडवी धरून उरलेला कळप अडवून उभा होता. कळप सोडून त्याला बायकोबरोबर जाता आले नव्हते.

त्या जागी रस्ता किंचित चढून उतरतो. चढापलीकडची मोटार अलीकडच्या माणसाला दिसत नाही, फक्त ऐकू येते. मेंढपाळाचा जबाब मी तिथेच घेतला.

"आवाज लई मोठा व्हता, साहेब. लांबूनच आला, म्हनून आमी थांबलो. मग आवाज एकदम बंद झाला. गाडी उभी राहिली आसंल म्हनून मी कारभारणीला म्हनलो, चल, घे पुढं. ती चार पावलं गेली आन् गाडी आली. बिनआवाजाची."

मी त्याला तीनदा विचारले. तिन्ही वेळा तेच उत्तर आले. जमलेल्या लोकांपैकी एकजण म्हणाला, "बिनआवाजाची गाडी म्हंजे काय राव, भूत व्हतं का?" मी त्याला गप्प केले, पण मनातून माझाही मेंढपाळावर विश्वास बसला नव्हता. घाबरलेला माणूस आपली चूक झाकण्यासाठी काहीतरी रचतो, हे मी अनेकदा पाहिले होते. ठाण्यावर परतल्यावर मी केस डायरीत नोंद केली: 'सदर साक्षीदाराचा जबाब विसंगत वाटतो.' खाली सही केली.

तिसऱ्या दिवशी ती बाई गेली. मृतदेहाच्या इन्क्वेस्ट पंचनाम्यासाठी मी रुग्णालयात गेलो, तेव्हा व्हरांड्यात तिचा भाऊ मेंढपाळासमोर उभा होता.

"दाजी, गाडीवाल्याला पोलीस बघतील. पन तिला रस्त्यावर तुमी घातली. तुमच्या कानांनी माझी बहीण खाल्ली."

 नातेवाइकांपैकी कोणीही मेंढपाळाच्या बाजूला जाऊन बसले नाही. त्या दिवसापासून त्याच्या घरी दोन प्रश्न झाले होते: गाडी कोणाची, आणि हा खरे बोलतो की खोटे. पहिल्या प्रश्नासाठी आम्ही होतो. दुसऱ्याचे ओझे त्याच्या एकट्यावर होते.

पुरवणी जबाबासाठी आठवडाभराने आम्ही त्याच्या तळावर गेलो. जीप थांबताच तो म्हणाला, "साहेब, मागं डाव्या अंगाला कायतरी ढिलं हाय. पत्रा हादरल्यावानी वाजतंय." आमचा चालक हसला आणि वाकून पाहू लागला. सायलेन्सरची पट्टी एका बाजूने सुटली होती. रोज जीप चालवणाऱ्या माणसाला जे ऐकू आले नव्हते, ते याने शेताच्या बांधावरून ऐकले होते.

त्याच दुपारी मी पुन्हा घटनास्थळी गेलो. चढापलीकडचा रस्ता पहिल्या दिवशी आम्ही नीट पाहिलाच नव्हता, कारण मोटार तिकडून आली एवढेच आम्हाला पुरेसे वाटले होते. तिथे डांबरावर फक्कीची, म्हणजे पांढऱ्या भुकटीची, एक पुसट आडवी रेघ होती आणि बरेच मागे तशीच दुसरी. माझ्याबरोबरच्या हवालदारांना बैलगाड्यांच्या शर्यतींचा मोठा नाद. शर्यतीच्या कोणत्या घाटात कोणाची बारी, म्हणजे धाव, किती सेकंदांत झाली, हे त्यांना तोंडपाठ असे. त्यांनी टेप लावली. दोन रेघांमध्ये चारशे मीटर भरले.

"साहेब, बैलं एवढी लांब पळत न्हाईत," ते म्हणाले. "ही बारी दुसऱ्याच कशाची तरी हाय."

पुढच्या रेघेपासून धडकेची जागा दीडशे मीटर होती.

खबर मिळाली ती नारायणगावात, मोटारींच्या सुट्या भागांच्या एका दुकानातून. हवालदार जीपची पट्टी आणायला गेले होते. दुकानदार गप्पिष्ट होता. बोलता बोलता म्हणाला, "भाऊ, आमचं एक गिऱ्हाईक हाय. गाडी एकच, तीबी जुनी, आन् दर आठवड्याला चार नवे प्लग नेतं. गाडी प्लग खाती का काय, देव जाणे. पन आता दोन हप्ते फिरकलं न्हाई." हवालदारांनी पट्टी घेतली आणि गिऱ्हाइकाचा पत्ताही घेतला.

गॅरेज गावाबाहेर होते. मालक मूळचा डिंगोऱ्याकडचा, वय पस्तिशीच्या आत. दक्षिणेकडील एका शहरात सरळ पट्टीवर दोन-दोन गाड्या पळवण्याच्या ज्या शर्यती होतात, त्यांतील गाड्यांची इंजिने तयार करणाऱ्या पथकात त्याने काही वर्षे काम केले होते. इतके स्वच्छ गॅरेज मी दुसरे पाहिलेले नाही. फळीवर सोनाराचा काटा होता. चारही पिस्टन एकाच वजनाचे व्हावेत म्हणून त्याच्यावर तोलून तो ते घासत असे. हवालदार पुटपुटले, "गॅरेज हाय का सराफाचं दुकान?" पांढरी छोटी मोटार कोपऱ्यात होती. पुढचा बंपर नव्हता आणि इंजिन खाली उतरवलेले होते.

"महिनाभर खोललेलीच हाय, साहेब," तो म्हणाला.

एका खोक्यात वापरलेले प्लग चार-चारच्या पुड्यांत ठेवलेले होते. प्रत्येक पुडीवर तारखेची चिठ्ठी होती आणि सगळ्या तारखा बुधवारच्या. घटनेच्या आधीच्या बुधवारपर्यंत एकही आठवडा चुकलेला नव्हता. त्यापुढे पुडी नव्हती. म्हणजे गाडी महिनाभर खोललेली असणे शक्यच नव्हते. मी खोके पंचांसमक्ष जप्त केले आणि त्याला चौकशीसाठी ठाण्यात आणले.

तासभर तो 'नाही' आणि 'माहीत नाही' याच्या पुढे गेला नाही. माझ्या अनुभवात, स्वतःविषयी खोटे बोलणारा माणूसही आपल्या कामाविषयी खोटे ऐकून घेत नाही. मी चहा मागवला, खोक्यातून एक प्लग उचलला आणि सहज म्हणालो, "हे सगळे जळून खराब झालेले दिसतात. हात बसला नव्हता वाटते?"

"खराब?" तो खुर्चीत सरळ झाला. "साहेब, ह्यो रंग बघा. आतल्या पांढऱ्या भागावर तळाशी ही बारीक कडी दिसती ना, ती मिळवायला मला सात महिने लागले. पेट्रोल जास्त की कमी, ते ह्याच्यावरच वाचायचं. मोठमोठी पथकं असंच वाचत्यात."

"मग दरवेळी नवे कशाला?"

"जुन्यावर मागचा रंग असतो. नवे घालायचे, पट्टीभर पूर्ण जोरात न्यायची आन् रेघ आली की क्लच दाबून त्याच क्षणी इंजिन बंद. नुसतं घुरघुरत ठेवलं तरी रंग बदलतो, सगळं वाया जातं."

"आणि इंजिन बंद केल्यावर गाडी?"

"गाडी जाती की पुढं, आपल्या वेगानं."

"आवाज?"

"आवाज कसला, इंजिनच..."

तो तिथे थांबला. चहाचा कप त्याच्या हातात होता. त्याने तो अगदी हळू टेबलावर ठेवला.  मग तो बोलू लागला.

"चढावर आलो आन् समोर मेंढरं. ब्रेक दाबला तर दगडावानी. इंजिन बंद असलं की त्याला जोरच राहत न्हाई, साहेब. मला ठाऊक व्हतं. सगळं ठाऊक व्हतं. पन तिकडं शर्यतीच्या पट्टीवर रेघेच्या पुढं लांबपर्यंत रस्ता मोकळा ठेवत्यात, कुत्रंबी येऊ देत न्हाईत. रेघेपर्यंतचं सगळं मी तसंच केलं. रेघेच्या पुढचं मी धरलंच न्हाई."

"थांबला का नाहीस?"

"आरशात बघितलं. वाटलं, बाई उठंल."

पोलिसांपुढची कबुली न्यायालयात टिकत नाही. त्यामुळे पुढचे काम रीतीप्रमाणे झाले: त्याने पंचांसमक्ष निवेदन देऊन गोठ्यात दडवलेला बंपर काढून दिला, घटनास्थळी मिळालेला काचेचा तुकडा त्याच्या दिव्याला जुळला, मोटार वाहन निरीक्षकांनी अहवाल दिला. दोषारोपपत्र वेळेत गेले.

ते पाठवण्याआधीच मी मेंढपाळाकडे गेलो होतो. त्याचा मेहुणाही तिथे होता, थोडा लांब, पाठमोरा बसलेला. त्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात मी सारे सांगितले: प्लग, रेघ, बंद केलेले इंजिन, बिनआवाजाचे दीडशे मीटर.

मेंढपाळाने काठी बाजूला ठेवली. मग म्हणाला, "म्हंजे आवाज बंद झाला व्हता."

"झाला होता, बाबा. तुम्ही ऐकले ते बरोबर होते."

मेहुणा उठला. जवळ येऊन तो मेंढपाळाच्या शेजारी टेकला आणि मान खाली घालून एवढेच म्हणाला, "दाजी, चुकलं माझं."

मेंढपाळाने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग माझ्याकडे वळून अगदी साधेपणाने विचारले, "साहेब, कान बरोबर व्हता तरी ती गेलीच. आता मेंढरं रस्त्यावर घालताना मी भरवसा कशावर ठेवू?"

  गॅरेजवाल्या त्या तरुणाच्या कौशल्याविषयी माझ्या मनात अजून आदर आहे, हे कबूल करताना मला संकोच वाटतो. पण तो आदर आहे. सोनाराच्या काट्यावर पिस्टन तोलणाऱ्याने रेघेपुढच्या रस्त्याचा हिशेब धरला नाही. आणि शब्द तोलण्याचे काम माझ्याकडे होते; मी मात्र, मला समजली नाही म्हणून, एका माणसाची खरी गोष्ट खोटी ठरवली. त्याची आणि माझी चूक फार वेगळी होती, असे मला वाटत नाही. फरक इतकाच की, त्याच्या चुकीसाठी कायद्यात कलम होते.

केस डायरीत खाडाखोड करता येत नाही. नंतरच्या पानावर मी सविस्तर नोंद केली, जबाब खरा ठरल्याचे लिहिले. पण आधीचे पान तसेच आहे. 'विसंगत' हा शब्द तिथे स्पष्ट वाचता येतो आणि त्याच्याखाली माझी सही आहे.