दादाने मांडलेलं ‘व्हाय-व्हाय’

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी निगडीच्या घरी मेथी निवडत होते. वहिनी एवढंच म्हणाली, “ताई, तुम्ही या.” मूठभर मेथी तशीच हातात घेऊन मी रिक्षात बसले, हे थेरगावला दादाच्या दारात उतरल्यावर कळलं...

माझा हा थोरला भाऊ चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीत होता. तिथे पार्ट रिजेक्ट झाला की ‘व्हाय-व्हाय’ मांडतात. का झालं, त्याचं का, त्याचंही का, असं विचारत मुळाशी जायचं आणि मूळच काढून टाकायचं. किडन्या थकल्या तेव्हा या पठ्ठ्याने स्वतःचंही व्हाय-व्हाय मांडलं. पाणी कमी प्यायलो, कारण कंपनीतली चालू लाइन सोडवेना. लाइन सोडवेना, कारण ओव्हरटाइमची हाव. सगळं खापर स्वतःच्या डोक्यावर. डॉक्टर म्हणाले, ओव्हरटाइमचा संबंध नाही, किडनीतल्या या गाठी वडिलांकडून रक्तातच आल्यात, यात दोष कुणाचाच नाही. मला वाटलं, सुटला बिचारा. कसलं काय. त्याच्या मुलीला, सायलीलाही हे येण्याची शक्यता निम्मी, हेही त्यांनीच सांगितलं होतं.

डायलिसिसला दुपारी त्याला गुंगी यायची. मिटल्या डोळ्यांनी तो पुटपुटायचा, “बाबांना आजीकडून आलं असेल. आजीला कुणाकडून? कुठलीतरी बाई पवनेवर धुणं धुत असेल बघ, तिला पत्ताही नाही...” मलाही ती बाई दिसू लागायची, पाण्यात पाय सोडून बसलेली. “कंपनीत मूळ काढून टाकतो गं. इथं काय काढू? सायलीला मीच दिलं असेल तर?” मी त्याचे पाय दाबत बसायचे.

दादाला कळेल या भीतीने सायली तो असेपर्यंत तपासणी टाळत राहिली. परवा मी तिच्याबरोबर गेले. सोनोग्राफीहून बाहेर येऊन ती म्हणाली, “गाठी आहेत, आत्या. बारीक आहेत अजून.” मला रडू आवरेना, तीच मला सावरत होती. डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला सांगितलं, म्हणून डांगे चौकात आम्ही स्टीलची बाटली घ्यायला थांबलो. सायलीने बाटली कानाशी धरली, नखाने टिचकी मारली आणि मान तिरकी करून आवाज विरेपर्यंत ऐकत राहिली. दादा कुठलंही भांडं असंच घ्यायचा, अगदी तीच मान.

“बाबांनी शिकवलं का गं हे?”

“काय?” तिने विचारलं.

दादा, तिला ठाऊकसुद्धा नाही. तुझ्याकडून तिला हेही आलंय, आणि हे ऐकायला आता तू नाहीस.