इंटरकूलरचा पाईप

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला तर नाहीच – कारण ज्यांचं नाव यात येतं ते तिचे सख्खे भाऊ, माझे मामा. तुम्हाला सांगायला बसलोय खरा, पण सुरुवात कुठून करावी तेच सुचत नाही. गाडीपासून करतो. गाडीबद्दल बोलायचं असलं की मला अडचण येत नाही.

भूममध्ये, शेजारच्या वाशी गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला मामांचं गॅरेज. डिझेल गाड्यांचं काम मी तिथंच शिकलो, त्यांच्या हाताखाली. मग पुण्यात एकाकडे राहून मॅपिंग शिकून आलो. म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला लॅपटॉप लावायचा, डिझेल किती सोडायचं, टर्बोनं हवा किती दाबायची याचे आकडे बदलायचे आणि गाडीचा पिकअप वाढवायचा. आलो तो जरा तोऱ्यातच आलो. मामांना त्यातलं कळत नव्हतं आणि कळत नाही याचं वाईटही वाटत नव्हतं. "तू गाडीचं डोकं बघ भाचेबुवा, म्या हातपाय बघतो," म्हणायचे. आमचं बरं चाललं होतं.

मॅपिंगचं पहिलं मोठं गिऱ्हाईक म्हणजे ईट गावचे एक शेठ, खव्याचे व्यापारी. त्यांची गाडी खवा भरून पुण्याला जायची आणि भरल्यावर चढाला तिला दम लागायचा. मामांनी टर्बो साफ केला. टर्बोची दाबलेली हवा इंटरकूलरमधून थंड होऊन इंजिनकडे जाते, तिथला रबरी पाईप नवा घातला, दोन्ही तोंडांवरचे क्लॅम्प आवळले आणि जेवायला घरी गेले. मी नव्या आकड्यांचा मॅप टाकला. आणि मग – सगळं इथंच आहे – मला हौस आली. डॅशबोर्डवर बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, दाखवणारं मीटर बसवावं, शेठ खूश होतील. कुणी मागितलं होतं का? नाही. त्याची नळी जोडायला मी मामांनी बसवलेल्या पाईपचं एक तोंड सोडलं. जोड बसेना, साईझच वेगळी निघाली. मग पाईप परत चढवला, क्लॅम्प आवळला, हात पुसले. मामा आले तेव्हा मी लॅपटॉपसमोर बसलेलो. पाईप सोडला होता हे मुद्दाम सांगावं असं तेव्हा वाटलंही नाही. ती लपवाछपवी नव्हती, ती नंतर केली.

रिकामी गाडी झकास पळाली. शेठ खूश होऊन गेले आणि त्याच आठवड्यात लाल होऊन परत आले. भरलेली गाडी चढाला काळा धूर सोडून बसली होती, उन्हात खवा आंबून गेला होता. "चांगली गाडी इस्कटली की रं तुज्या लॅपटॉपनं!" – चार गिऱ्हाइकांसमोर.

लॅपटॉप लावून रस्त्यावर काढली तर बूस्ट मागत होतो त्याच्या निम्माच मिळत होता. माझाच मॅप चुकला असणार, दुसरं काय? जुना मॅप परत टाकला – बूस्ट तरी कमीच. सेन्सर बदलून बघितला, टर्बोच्या व्हॅक्यूमच्या नळ्या तपासल्या, एअर फिल्टर काढला. मामा शेजारी बॅटरीचा उजेड धरून उभे, एका शब्दानं टोचलं नाही. शेवटी पाईपलाईनचं तोंड बंद करून कॉम्प्रेसरची हवा आत सोडली आणि सांध्यांवर शाम्पूचं पाणी मारत गेलो. एका सांध्यावर फेस आला, भराभर.

त्याच तोंडाशी. पाईप एका बाजूनं कडेवर नीट चढलाच नव्हता आणि क्लॅम्प तिरका बसला होता. गाडीवर भार नसताना हवा धरून ठेवायचा, दाब वाढला की उचलायचा. माझं काम मी ओळखलं. ओळखायला किती वेळ लागतो?

शेठ डोक्यावरच उभे होते. "ह्यो पाईप कुणी बसवलाय?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "मामांनी."

शब्द खोटा नव्हता, बघा. बसवला मामांनीच होता. म्हणून तर जीभ अडखळली नाही.

मामा पुढं आले, वाकून बघितलं. "म्या आवळला व्हता की. दोनी तोंडं हातानं फिरवून बघितली व्हती. मला चांगलं आठवतंय." आवाजात राग नव्हता. त्यांना फक्त नवल वाटत होतं. अजूनही वेळ गेली नव्हती. मी म्हणालो, "न्हाय मामा. तुमी इसरला असाल."

आता हा शब्द मी का वापरला ते सांगायला हवं. घाईत राहून गेलं असेल, क्लॅम्प खराब असेल, काहीही म्हणता आलं असतं. पण आमच्या आजोबांची, मामांच्या वडिलांची, शेवटची वर्षं विसरण्यात गेली होती. घरातून निघून एसटी स्टँडवर जाऊन बसायचे आणि येईल त्याला आपल्याच घराची वाट विचारायचे. त्यांना हाताला धरून आणायला मामा जायचे, मीही गेलोय. आपलंही तसंच होणार ही भीती मामांच्या मनात घर करून होती. साधी किल्ली सापडली नाही तरी त्यांचा चेहरा उतरायचा. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मला माहीत होतं. आणि तोंडातून बरोबर तोच शब्द निघाला – निघाला कसला, मीच काढला.

मामा स्वतःच्या तळहाताकडं बघत राहिले. मग हळूच, कुणालाच न विचारता, म्हणाले, "मग मला आठवतंय ते काय हाय?"

शेठ लगेच निवळले. वय झालं, चालायचंच, म्हणाले. पाईप नीट बसवला, मॅप परत टाकला, गाडी चढाला भरधाव निघाली. त्यानंतर मॅपिंगसाठी परांड्याहून, बार्शीहून गाड्या यायला लागल्या. माझं नाव झालं.

आणि मामा? आवळलेला नट ते पुन्हा आवळायला लागले. मग आवळलेल्या नटावर खडूची खूण करायला लागले. मग खूण आपणच केली का, हे मला विचारायला लागले. तासाचं काम दिवसभर चालायचं, गिऱ्हाईक कंटाळायचं. शेवटी एक दिवस स्वतःच शटरची किल्ली माझ्या हातात दिली. मी नको म्हणालो का? तोंडदेखलं एकदा म्हणालो. पुढं त्यांनी नातीला स्कूटरवर शाळेत सोडणं बंद केलं. एखादं पोर कुठं विसरून आलो तर, म्हणाले. एवढी लाडकी नात, आता शेजाऱ्याच्या रिक्षात बसून जाते आणि हे दारात उभं राहून बघतात. मामी त्यांना एकट्याला बाजारात पाठवत नाही. ते तिच्यावर चिडतही नाहीत.

सांगायचा धीर झाला नाही, असं म्हणता येईल. पण ते खरं नाही. धीराचा प्रश्नच नव्हता, गॅरेज चांगलं चाललं होतं.

मध्यंतरी मामीच्या आग्रहावरून त्यांना बार्शीला डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी बरंच काही विचारलं – वार, महिना, सकाळी काय खाल्लं, उलटे आकडे मोजा, सांगितलेले शब्द थोड्या वेळानं परत सांगा. मामांनी सगळं बिनचूक सांगितलं. लग्नात कुठल्या गाडीतून वरात निघाली, तिचा नंबरसुद्धा. डॉक्टर हसले, म्हणाले, "काका, तुमची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे. कशाला घाबरताय?"

मामांचा चेहरा क्षणभर उजळला. कितीतरी वर्षांनी मी तो तसा बघितला. आणि मग त्यांनी मान हलवली.

"न्हाय डाक्टर. माझ्या हातनं एकदा पाईप तसाच ऱ्हायला व्हता. आन मला वाटत व्हतं, म्या आवळलाय. अगदी डोळ्यांम्होरं दिसत व्हतं. इचारा ह्याला, ह्यो व्हता तिथं."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मामांनीही बघितलं. खोलीत आम्ही तिघंच होतो. शेठ नव्हते, गिऱ्हाईक नव्हतं, कुणाचा धाक नव्हता. आता गमावण्यासारखं माझ्याकडं काय होतं?

मी "हो" म्हणालो.

डॉक्टरांनी काहीतरी लिहिलं आणि गोळ्या दिल्या. मामा त्या रोज न चुकता घेतात. परत येताना गाडीत माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बरं झालं तू व्हतास. न्हायतर माझं मला कळलंच नसतं."

मी गाडी चालवत राहिलो.

तो पाईप मामांनी नीट बसवला होता. क्लॅम्प आवळला होता, दोन्ही तोंडं हातानं फिरवून बघितली होती. त्यांना बरोबर आठवत होतं.